दिसलाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

"काही दिसलंच नाही." कात्रजच्या राजीव गांधी प्राणीसंग्रहालयाबद्दल पुण्यात वारंवार ऐकू येणारं मत हे आहे, आणि ते सांगणाऱ्याच्या सुरात फसवणूक झाल्याची भावना असते. वाघ लांब झाडाखाली आडवा पडलेला, बिबट्याच्या पिंजऱ्यात नुसत्या फांद्या, अस्वल आतून बाहेर यायला तयार नाही. तिकीट काढलं, मुलांना उन्हातून फिरवलं आणि पाहिलं काय, तर मोकळी जागा. मग पुढची वाक्यं ओघानेच येतात. प्राणी दिसत नसतील तर ते ठेवलेत कशाला? खंदकात एवढी झाडी वाढू द्यायची गरज काय? कर्मचाऱ्यांनी त्यांना हाकलून पुढे का आणू नये? जिराफ, झेब्रा असं काही आणलं तर निदान पैसे वसूल होतील! या मताला कोणी फारसा विरोध करत नाही, कारण ते ग्राहकाच्या साध्या हक्कासारखं वाटतं. पैसे मोजले आहेत, तर जे दाखवायचं ते दाखवा. मला हे मत मुळापासून चुकीचं वाटतं. ते केवळ चुकीचं असतं तर सोडूनही देता आलं असतं. पण त्याची किंमत जाळीपलीकडचं जनावर रोज मोजतं, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

जिथे सगळं दिसतं असं प्राणीसंग्रहालय पुण्याने पूर्वी पाहिलेलं आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. १७९० च्या नोव्हेंबरात गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. गेंडा या मुलखातला प्राणी नव्हे. तो लांबून आणला होता तो पाहण्यासाठी आणि दाखवण्यासाठी. त्याच परिसरात १९५३ मध्ये महापालिकेने पेशवे पार्क उभारलं, आणि पुढची पन्नास वर्षं पुण्यातल्या मुलांनी वाघ-सिंह तिथेच पाहिले. त्या पार्काची आठवण अनेक जण प्रेमाने काढतात आणि ते प्रेम खरं आहे. पण तिथे प्राणी हमखास का दिसायचे, याचा विचार त्या आठवणीत नसतो. न दिसण्यासाठी त्यांना जागाच नव्हती. चारी बाजूंनी शहर, वाहनांचा आवाज, लोखंडी गज आणि गजांपासून काही पावलांवर माणसं. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये प्राणीसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि देशभरातल्या अशा पिंजऱ्यांकडे निकषांच्या नजरेतून पाहणं सुरू झालं. कात्रजचं संग्रहालय १९९९ मध्ये खुलं झालं, आणि २००५ मध्ये पेशवे पार्कातले प्राणी तिथे नेऊन जुने पिंजरे बंद करण्यात आले. तलाव धरून सुमारे १३० एकरांची ही जागा शहराने प्राण्यांना अंग पसरायला मिळावं, गजांपासून लांब जाता यावं म्हणून दिली. आता प्राणी त्या जागेचा त्यासाठीच उपयोग करतात, तर तो दोष कसा ठरतो? ज्यांना सगळं समोर हवं आहे, त्यांनी हे स्पष्ट बोलावं की त्यांना पेशवे पार्कातले गज परत हवे आहेत.

बिबट्याचंच उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त तक्रार त्याच्याबद्दल असते. बिबट्याचं सगळं शरीर न दिसण्यासाठी घडलेलं आहे. अंगावरचे ठिपके उन्हाच्या कवडशांत मिसळतात, हालचाल संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, दिवसाचा मोठा भाग दाट सावलीत. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या फडांत बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या आणि वाढल्या त्या या गुणावर. मार्च २०२४ मध्ये कात्रजच्याच संग्रहालयात एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. तो आवाराबाहेर गेला नव्हता, शोधणारी माणसं पुष्कळ होती, कॅमेरे होते. तरीही तो हाती लागायला दीड दिवस गेला. जे जनावर शोधपथकाला इतका वेळ सापडत नाही, ते आपल्याला पाच मिनिटांच्या थांब्यात जाळीपाशी येऊन दर्शन देईल, ही अपेक्षा कोणत्या आधारावर केली जाते? दुपारी दोन वाजता उन्हात फिरणारा बिबट्या हा बिबट्यासारखा वागणारा बिबट्याच नव्हे.

यावर उत्तर येतं, "पण तो झोपलेलाच असतो." हो, असतो, आणि त्यामागे आपलाही हात आहे. दक्षिण भारतातल्या चार प्राणीसंग्रहालयांतल्या बिबट्यांचा अवंती मल्लापूर आणि रवी चेल्लम यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रेक्षकांची वर्दळ असताना हे बिबटे जास्त काळ पडून राहत, आणि प्रेक्षक नसले की त्यांची हालचाल वाढत असे, असं त्यात आढळलं. म्हणजे आळशी म्हणून ज्याला आपण नावं ठेवतो, तो आपल्यामुळे गप्प पडलेला असतो. कात्रजचं संग्रहालय बुधवारी बंद असतं. आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना माणसांपासून सुट्टी देणं नियमाने बंधनकारक आहे, आणि हा नियम का केला असेल हे या अभ्यासावरून कळतं. अमेरिकेत क्लाउडेड लेपर्ड या लाजाळू, झाडावर राहणाऱ्या मार्जारवर्गीय प्राण्याच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं मोजली गेली. लोकांसमोर ठेवलेल्या प्राण्यांत त्यांचं प्रमाण अधिक होतं, आणि लपायला जादा जागा दिल्यावर ते उतरलं. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा? खंदकातली झुडपं, आडोसे, ओंडके ही सजावट नाही. खाणं-पाण्याइतकीच ती त्या प्राण्याची गरज आहे.

उलट बाजूही पाहावी. ज्या प्राण्यापाशी गर्दी खूश असते, तो बहुतेक वेळा जाळीलगत येरझारा घालत असतो. तीच वाट, तेच वळण, पुन्हा तीच वाट. लोकांना वाटतं, हा केवढा चपळ, केवढा उत्साही! प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक त्याच येरझाऱ्यांना कोंडलेपणाचं लक्षण मानतात. ज्या दृश्यावर आपण समाधानी होतो ते दुखण्याचं असतं, आणि आडोशाला गेला म्हणून ज्याच्यावर चिडतो तो प्राणी स्वस्थ असतो. आपली मापं इतकी उलटी झाली आहेत. कात्रजच्या सर्पोद्यानाचंही तेच. नीलमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेल्या या उद्यानाने पुण्यातल्या कितीतरी जणांच्या मनातली सापांची आंधळी भीती घालवली. तरी तिथे काचेवर बोटांनी टकटक करणारे हात थांबत नाहीत. सापाला बाहेरचा कान नसतो, पण कंप त्याला अंगाने जाणवतो. नाग हलावा म्हणून दिवसभर कोणी ना कोणी त्याची काच वाजवत असेल, तर त्याची विश्रांती कधी व्हायची?

मुलांचं नाव पुढे केलं जातं तेव्हा बोलणं अवघड होतं. मुलांना प्राणी दिसायला नकोत का? त्यांना निसर्गाची ओढ कशी लागणार? या आक्षेपाला मी हलकं मानत नाही, कारण मुलांसाठीच तर हे सगळं मांडायचं आहे. पण वाघाच्या मिशीचा केस न् केस आजच्या मुलाने मोबाइलवर पाहिलेला असतो. डरकाळी, झेप, शिकार, सगळं त्याला जवळून, संथ गतीत, हवं तेव्हा मिळतं. त्याच्याशी स्पर्धा करायला निघालेलं प्राणीसंग्रहालय हरणारच आहे. पडदा जे देऊ शकत नाही ते एकच: शोधण्याचा अनुभव. खंदकापाशी शांत उभं राहायचं. सावली कुठे आहे ते पाहायचं, कारण जनावर तिथेच असणार. ओंडक्यावर नखांचे ओरखडे आहेत का, ओल्या मातीत पंजा उमटलाय का, गवत कुठे दबलंय. मग एखाद्या झुडपात कानाचं टोक हलतं, आणि इतका वेळ रिकामी वाटणारी जागा एकदम भरून जाते. हे मुलाने स्वतः शोधलेलं असतं. वनरक्षक, पक्षीनिरीक्षक, संशोधक हे सगळे हेच करतात. "चला, इथे काही नाही" असं म्हणून मुलाचा हात ओढणारी व्यक्ती त्याचं शिक्षण तिथेच थांबवते. जे लगेच दिसत नाही ते नसतंच, हा धडा घेऊन ते मूल पुढच्या खंदकाकडे जातं. उद्या याच मुलाला भीमाशंकरच्या रानात शेकरूचं घरटं, सुप्याच्या माळावर चिंकारा किंवा सासवडकडच्या गवताळ रानातला लांडगा कसा दिसणार? आणि दिसत नाही म्हणून तो माळ ओसाड आहे, तिथे बांधकामाला हरकत नाही, असंच तो म्हणणार नाही का?

आता 'दुर्मीळ' प्राण्यांच्या मागणीकडे येऊ. पांढरा वाघ पाहायला मिळाला की लोकांना सगळं भरून पावतं, कारण तो दुर्मीळ आहे असं त्यांना सांगितलेलं असतं. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. हा आपलाच पट्टेरी वाघ, एका अप्रभावी जनुकामुळे रंग गेलेला. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली तेव्हा १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. जगभरच्या पिंजऱ्यांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचं मूळ या घराण्यात आहे. रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात पुन्हा पुन्हा पैदास झाली, आणि तिरळेपणासारखे दोष त्या वंशात आले. जंगलातल्या वाघाच्या भवितव्याला या साऱ्याचा काडीचा उपयोग नाही. हे सगळं झालं ते पाहणाऱ्यांना काहीतरी वेगळं हवं होतं म्हणून. मुंबईत १८६१ पासूनच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या थंड किनाऱ्यांवरचे आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, यंत्रांनी गार ठेवलेल्या खोलीत ठेवले, आणि लोकांना दाखवण्याआधीच त्यातला एक मेला. पुण्यात जिराफ आणा, झेब्रा आणा, असं म्हणणाऱ्यांनी ही मागणी पेशव्यांच्या गेंड्यापासून किती पुढे आली आहे, ते सांगावं. सव्वादोनशे वर्षांनंतरही लांबून आणून दाखवणं यालाच आपण हौस समजणार का?

खरोखर दुर्मीळ आणि हाती न लागणारे प्राणी आपल्या अंगणात आहेत, आणि त्यांची नावंही आपल्या मुलांना ठाऊक नाहीत. वाघाटी जेमतेम दीड किलोची, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. उसाची तोड चालू असताना तिची पिल्लं सापडतात आणि बिबट्याची समजून लोक घाबरतात. चार शिंगांचा चौसिंगा जगात फक्त भारतात आणि नेपाळात आहे. खवले मांजर मुंग्या-वाळवीवर जगतं, रात्री फिरतं, आणि खवल्यांच्या चोरट्या व्यापारापायी संपत चाललं आहे. तरस, साळिंदर, उदमांजर, कोल्हा हे सगळे दिवसा दडून राहणारे. यांतला एखादा जरी आपल्या शहराच्या संग्रहालयात नीट, आडोशासह ठेवला गेला आणि तिथे तो दिसण्याची शक्यता दहात दोनच राहिली, तरी ते दर्शन शंभर जिराफांहून मोलाचं आहे. कारण तो प्राणी या मातीतला आहे, आणि तो टिकवणं न टिकवणं इथल्याच माणसांच्या हातात आहे.

दुर्मीळ प्राणी वाचवण्याचं जे काम पिंजऱ्यांच्या आधाराने खरोखर यशस्वी झालं, ते बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेआड झालं आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे भारतातल्या गिधाडांची संख्या कोसळली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर ९९ टक्क्यांहून अधिक घट झाली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास सुरू झाली ती शांततेत, पर्यटकांशिवाय. आसामात १९९६ मध्ये मानसच्या रानातून थोडी बुटकी डुकरं पकडली, त्यांची पिल्लावळ माणसाच्या सवयीपासून जपून वाढवली आणि २००८ पासून ती पुन्हा गवताळ रानात सोडली. हैदराबादच्या संग्रहालयात पिसूरी हरणांची पैदास झाली आणि त्यांतली काही अम्राबादच्या जंगलात गेली. यांतल्या कोणत्या कामात तिकीट काढलेल्या माणसाला समाधान मिळालं? आणि तरीही प्राणीसंग्रहालयं असावीत, या बाजूने देता येणारा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. इथे कोणी म्हणेल, "मग लोकांना आत सोडताच कशाला? बंदच करा." हा टोकाचा निष्कर्ष मला मान्य नाही. विहिरीत पडलेली, अपघातात जायबंदी झालेली, आईपासून तुटलेली जनावरं कुठेतरी ठेवावी लागतात. कात्रजचं अनाथालय त्यासाठीच आहे. आणि शहरातल्या ज्या मुलाला ताडोबाची सहल कधीच परवडणार नाही, त्याचा या प्राण्यांशी संबंध यायला हवा. मी फक्त एवढं म्हणतो की हा संबंध प्राण्याच्या अटींवर यावा.

त्या अटी पाळल्या नाहीत की काय होतं, हे जंगलातही दिसलं आहे. 'दिसलाच पाहिजे' ही सवय कात्रजला लागते आणि जिप्सीत बसून ती अभयारण्यात पोहोचते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चालक-गाइडांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमधली माणसं दुष्ट नव्हती. त्यांनी पैसे भरले होते आणि त्यांना वाघ पाहायचा होता. कात्रजच्या जाळीपाशी शिट्ट्या मारणाऱ्याचा युक्तिवाद याहून वेगळा आहे का? तोही हेच म्हणतो. वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३८-जे हे कलम प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणं, खायला घालणं, आवाजाने किंवा इतर कशाने त्रास देणं, आवारात कचरा टाकणं याला मनाई करतं. ओरडून वाघाला उठवणं हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही, तो गुन्हा आहे. हे किती पालकांनी आपल्या मुलांना सांगितलं असेल?

तक्रारीत एक गोष्ट मात्र रास्त आहे, आणि ती प्रशासनाने ऐकायला हवी. माणूस चिडतो तो त्याला काही सांगितलेलंच नसतं म्हणूनही. फलकावर प्राण्याचं नाव, शास्त्रीय नाव, आहार आणि आयुर्मान एवढंच लिहिलेलं असेल तर कोणाचीही नजर पुढे सरकेल. हा प्राणी दिवसाच्या कोणत्या वेळी हलतो, ऊन कोणत्या बाजूला आलं की कोणत्या ओंडक्याआड जातो, त्याचा ठसा कसा ओळखायचा, हे तिथे लिहिलं पाहिजे. प्राणी आजारी असेल किंवा आत रात्रनिवाऱ्यात असेल तर तसा फलक लावला पाहिजे. खंदकासमोर सावलीत बसायला बाक हवेत, कारण उन्हात उभ्या माणसाला धीर धरा म्हणणं अन्याय आहे. सिंगापूरने निशाचर प्राण्यांसाठी १९९४ मध्ये रात्रीचं स्वतंत्र संग्रहालय उभारलं. आपल्याला लगेच तसं जमणार नाही, पण सकाळी उघडतानाची आणि संध्याकाळी बंद होण्याआधीची वेळ कोणत्या खंदकांसाठी चांगली, हे तिकीट खिडकीवर सांगायला पैसा लागत नाही. यापलीकडची सवलत मी द्यायला तयार नाही. झाडी छाटू नये, आडोसे काढू नयेत आणि गर्दीच्या समाधानासाठी कोणत्याही प्राण्याला आतून बाहेर हाकलू नये.

पुढच्या वेळी कात्रजला जाल तेव्हा सगळे खंदक पुरे करायचा हिशोब सोडा. उघडण्याच्या वेळी पोहोचा, एकच प्राणी निवडा, बिबट्या किंवा अस्वल, आणि मुलांसह अर्धा तास तिथेच बसा, न बोलता. दिसला तर तुमचं भाग्य. नाही दिसला तर तक्रारवहीत तसं लिहू नका. महापालिकेकडे काही मागायचंच असेल तर जिराफ मागू नका. त्या खंदकात आणखी चार झुडपं लावा, असं लिहून द्या.